ताटात काय उरलं?

सकाळचे पावणेआठ वाजलेत. धामणकर नाक्यावरून रिक्षा आतल्या गल्लीत वळते आणि मागांचा खडखडाट सुरू होतो. भिवंडीत या आवाजापासून सुटका नाही. रात्रपाळी उतरते, दिवसपाळी चढते, माग चालूच असतात. पाळी सुटलेले कारागीर रस्त्यानं निघालेत; भुवयांवर, मिशांवर कापसाची तूस बसलेली. कुणी खोलीकडे, कुणी भिशीकडे. भिशी म्हणजे घरापासून लांब राहणाऱ्या इथल्या कामगारांची खानावळ. महिन्याचे पैसे भरायचे आणि दोन वेळा जेवायचं: डाळ, भात, रोटी, एक भाजी, आणि ठरलेल्या वारी अंडं किंवा मटण. बारा तास उभं राहून चार-सहा-आठ माग सांभाळणाऱ्या माणसाचं पोट त्यानं भरतं. तो आजारी पडेपर्यंत या जेवणाचा हिशेब कुणी मांडत नाही.

आज हा हिशेब मांडायला शिकणाऱ्या मुलींबरोबर मी वॉर्डात उभी आहे. रुग्णालयाचं नाव सांगण्याचं कारण नाही. मेडिकल वॉर्ड, पॅसेजच्या एका बाजूला पुरुष, दुसऱ्या बाजूला बायका. बी.एस्सी. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाच्या आठ मुली आणि दोन मुलगे, इस्त्रीचे युनिफॉर्म, खिशाला निळं-लाल पेन, हातात चार्ट. पहिल्या वर्षी त्यांनी आहारशास्त्राचा विषय सोडवलाय. साठ तासांचा अभ्यासक्रम आहे तो. त्यात जीवनसत्त्वांचे तक्ते पाठ झाले, प्रयोगशाळेत साबुदाण्याची पेज आणि कस्टर्ड करून झालं, मार्कही मिळाले. पण त्या प्रयोगशाळेत पेशंट नव्हता.

त्यांच्या ट्यूटर मॅडम पन्नाशीच्या आहेत, आवाज बारीक, नजर भारी. आल्या आल्या त्या एकच काम लावतात. "प्रत्येकीनं दोन पेशंट घ्या. दोन वाजता मला त्यांचं निदान सांगू नका, ते फाइलीत आहे. त्यांच्या पोटात काय गेलं ते सांगा."

मुली कागदावर रकाने आखायला लागतात तोच बायकांच्या बाजूनं हाक येते.

निजामपुऱ्यातल्या एक चाची आहेत, पंचावन्नच्या आसपास, पायाची जखम चिघळली म्हणून दाखल झालेल्या, साखर जुनी. कपाळावर घामाचे थेंब आलेत, बोट थरथरतंय, आणि शेजारच्या पलंगावरच्या बाईवर त्या विनाकारण चिडल्यात. वॉर्डातल्या मावशी म्हणतात, "गरम होतंय त्यांना, पंखा बंद आहे ना." चष्मेवाली विद्यार्थिनी मात्र ग्लुकोमीटर आणायला पळते. बोटाला सुई, पट्टीवर थेंब, पाच सेकंद. अठ्ठावन्न.

"काय द्याल?" मॅडम विचारतात. घाईची वेळ आहे, तरी विचारतात.

"मॅडम, बिस्कीट. त्यांच्या पिशवीत आहे."

"बिस्किटात तूप-तेल आहे. साखर रक्तात पोचायला वेळ लागेल. अजून?"

"साखर. तीन चमचे. पाण्यात."

"आधी काय बघशील?"

"शुद्धीवर आहेत. गिळता येतंय."

"मग दे."

चाची पेला तोंडाशी आला की मान फिरवतात. "शक्कर? मेरेको तो शक्कर मना है, बेटी. डॉक्टरनेच बोला." वर्षानुवर्षं पाळलेलं पथ्य असं मोडायला त्या तयार नाहीत. चष्मेवाली त्यांच्या पाठीमागे हात घालून त्यांना बसतं करते, समजावते, अर्धा पेला जातो, मग उरलेला. घड्याळ लावलं जातं. पंधरा मिनिटांनी पुन्हा सुई: चौऱ्याऐंशी. चाचींचा चेहरा उतरलेला असतो तो आता नुसता थकलेला दिसतो, आणि शेजारणीशी झालेल्या भांडणाचं त्यांना काही आठवत नाही.

झालंय ते साधं आहे. सव्वासातला रात्रपाळीच्या सिस्टरनं नियमाप्रमाणे इन्शुलिन टोचलं, अर्ध्या तासात नाश्ता येईल या हिशेबानं. लिफ्ट बंद, नाश्त्याची ट्रॉली जिन्यापाशी अडली, उपम्याचं पातेलं हातानं वर यायला साडेआठ वाजले. इन्शुलिन कुणाची वाट बघत नाही. यात कुणाला फाशी देण्यासारखं काही नाही, पण गेल्या महिन्यातही असंच झालं होतं हे मावशींच्या तोंडून निघतंच.

मॅडम मुलींना पॅसेजमध्ये घेतात. "इंजेक्शन घड्याळ बघून द्यायचं नाही. ट्रॉली डोळ्यांनी बघायची, मग सुई भरायची. आणि साखर देऊन काम संपत नाही. आता उपमा खाल्लाय का, किती खाल्लाय, बघा. नाहीतर तासाभरात पुन्हा अठ्ठावन्न."

चाची उपमा खाता खाता सांगतात की रमजानमध्ये त्या सगळे रोजे ठेवतात, काही होत नाही. मुली मॅडमकडे बघतात; त्यांना वाटतं आता रागावणं होणार. होत नाही. मॅडम पलंगाच्या कडेला टेकून विचारतात, सहरीला काय खाता, इफ्तारला काय, सुई कधी घेता. मग सांगतात की रमजानच्या दोन महिने आधी डॉक्टरांना भेटायचं, सुयांच्या वेळा बदलून घ्यायच्या, बोट टोचून साखर बघितल्यानं रोजा तुटत नाही असंच बहुतेक मौलाना सांगतात, आणि सत्तरच्या खाली आली तर रोजा सोडायचा. भिवंडीत नर्सिंग करायचं तर हे पाठ पाहिजे. पाठ्यपुस्तकात ते चार ओळींत उरकलेलं असतं.

पुरुषांच्या बाजूला सातव्या पलंगावर एक कारागीर आहे. तिशी नुकतीच ओलांडलेली. उत्तर प्रदेशातला, शांतीनगरातल्या एका खोलीत राहणारा. छातीत पाणी झालं म्हणून आला, तपासणीत टीबी निघाला. परभणीची विद्यार्थिनी त्याला वजनकाट्यावर उभं करते.

"चपला काढा भैया. खिशातला मोबाइलपण."

अडतीस किलो पाचशे. उंची एकशे त्रेसष्ट सेंटिमीटर. ती मोबाइलवर भागाकार करते: बीएमआय साडेचौदा. ती पुन्हा करते, कारण एवढा आकडा तिनं उदाहरणातसुद्धा बघितलेला नाही. साडेअठराच्या खाली गेला की माणूस कमी वजनाचा. दंडाभोवती टेप गुंडाळल्यावर तो मुलीच्या मनगटाहून थोडाच जाड भरतो.

"वजन कशाला घेतलं सांगा," मॅडम.

"आहार ठरवायला."

"आणि?"

कुणी बोलत नाही. औषधाची पट्टी मॅडम उचलून दाखवतात. टीबीच्या एकत्रित गोळ्या वजनावर ठरतात: पस्तीस ते एकोणपन्नास किलोला रोज तीन, पन्नास ते चौसष्टला चार. म्हणजे वजन अंदाजानं लिहिलं तर गोळ्यासुद्धा अंदाजानंच जातात. आणि वजन वाढत गेलं तर गोळ्याही वाढवाव्या लागतात. काटा इथे स्टेथोस्कोपच्या तोडीचं साधन आहे, पण वॉर्डात तो कपाटामागे ढकललेला असतो. आजही तिथूनच ओढून काढलाय.

फाइलीवर डॉक्टरांनी लिहिलंय: हाय प्रोटीन, हाय कॅलरी डाएट. परभणीची मुलगी उत्साहात आहे. तिच्या बाजूनं कारागिराचे दोन खोलीवालेही आहेत, रात्रपाळी करून थेट आलेले. पिशवीतून केळी निघतात, ग्लुकोजच्या पावडरीचा डबा निघतो, एक लिटर थंड पेय, मलईची लस्सी. "ताकत आनी चाहिए इसको, मॅडम. दस-बारह दिन से कुछ खाया नहीं है."

दहा-बारा दिवस. मॅडम पिशवीवर हात ठेवतात. "थांबा. सगळं बाजूला."

खोलीवाले गोंधळतात. माणूस उपाशी आहे, खायला आणलंय, आणि नर्स नको म्हणते. मुलीही गोंधळल्यात.

पॅसेजमध्ये पुन्हा वर्ग भरतो. फार दिवस उपाशी राहिलेलं शरीर चरबीवर, स्नायूंवर चालायला शिकतं, आणि त्यातले फॉस्फरस, पोटॅशियम, मॅग्नेशियमचे साठे रिकामे होत जातात. रक्ताच्या रिपोर्टात ते कळतही नाही. अशा माणसाच्या पोटात एकदम साखर पडली की इन्शुलिन उसळतं आणि रक्तात उरलंसुरलं फॉस्फरस, पोटॅशियम पेशींमध्ये ओढून घेतं. हृदयाचा ठेका चुकतो, श्वासाचे स्नायू ढिले पडतात. बी-१ जीवनसत्त्वही साखर जाळण्यात संपतं. रीफीडिंग सिंड्रोम म्हणतात त्याला. उपासानं न मेलेला माणूस जेवणानं मरतो.

हे जगाला कळलं ते दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी, फार मोठी किंमत मोजून. १५ एप्रिल १९४५ ला ब्रिटिश सैन्य जर्मनीतल्या बर्गन-बेल्सनच्या छळछावणीत शिरलं. सुटका झाल्यावरसुद्धा तिथली तेरा-चौदा हजार माणसं मेली. टायफस होता, महिनोन्महिन्यांची उपासमार होती, आणि सैनिकांनी कळवळून वाटलेले मांसाचे डबेही होते. भरवायला माणसं कमी पडली म्हणून लंडनहून शंभराच्या आसपास वैद्यकीय विद्यार्थी आणले गेले. या मुलींच्याच वयाचे. त्यांच्या हाती जे पातळ मिश्रण दिलं गेलं त्याचं नाव होतं बंगाल फॅमिन मिक्श्चर. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात वापरलेलं. ते इतकं गोड होतं की छावणीतल्या पुष्कळांना गिळवेना. म्हणजे आपल्याकडच्या उपासमारीनं शिकवलेली गोष्ट युरोपात गेली, आणि तिथल्या माणसाच्या जिभेला ती चालली नाही. आहाराच्या शास्त्राला जीभ वगळून पुढे जाता येत नाही, असं मला ही हकीकत वाचल्यापासून वाटत आलंय.

"बीएमआय सोळाच्या खाली, दहा दिवस पोटात काही नाही," मॅडम सांगतात. "पहिल्या दिवशी किलोला दहा कॅलरी. हिशेब करा."

तीनशे पंच्याऐंशी. मुलींना हा आकडा क्रूर वाटतो. परभणीची मुलगी बोटांवर मांडते: तूप घातलेल्या मऊ खिचडीची एक वाटी, उकडलेलं अंडं, पाऊण कप दूध. संपलं. त्याचे सहा भाग करून दिवसभरात द्यायचे, चार-पाच दिवसांत वाढवत न्यायचं. त्याआधी बी-१. राउंडला आलेल्या डॉक्टरांना मॅडम विचारतात, "फॉस्फरस पाठवलंय का सर?" डॉक्टर क्षणभर थांबतात, फाइलीत ओळ वाढवतात, बी-१ चं इंजेक्शन लिहितात. मुलींनी हे बघितलं हे बरं झालं. नर्सनं प्रश्न विचारला म्हणून कुणाचा मान कमी झाला नाही.

कारागिराला स्वतःला मात्र खिचडी नको आहे. तो हळूच विचारतो, "सत्तू मिलेगा क्या?"

परभणीच्या मुलीला सत्तू माहीत नाही. जव्हारहून आलेल्या मुलीलाही नाही. खोलीवाला समजावतो: भुना चना, पिसा हुआ. "म्हणजे फुटाण्याचं पीठ!" परभणीची मुलगी हसते. शंभर ग्रॅममध्ये वीसेक ग्रॅम प्रथिनं, शिजवायचं नाही, फ्रीज नको, बारा जणांच्या खोलीत गॅसची वाट बघायला नको. आज नाही, पण पाचव्या-सहाव्या दिवसापासून हेच त्याचं औषध ठरणार आहे. फाइलीवरच्या 'हाय प्रोटीन डाएट' या शब्दांना इथे पहिल्यांदा चव येते.

सत्तूची साक्ष मोठ्या ठिकाणी निघालेली आहे. झारखंडच्या चार जिल्ह्यांत 'राशन्स' नावाचा अभ्यास झाला. डॉ. अनुराग आणि डॉ. माधवी भार्गव यांचं काम, पाठीशी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, म्हणजे आयसीएमआर; निष्कर्ष ऑगस्ट २०२३ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आले. टीबीच्या रुग्णाला दरमहा दहा किलोची शिधापिशवी: तांदूळ, दूधपावडर, तेल आणि भाजलेल्या हरभऱ्याचं पीठ. काही भागांत घरच्या माणसांनाही माणशी पाच किलो तांदूळ आणि दीड किलो डाळ. ज्या घरांना शिधा मिळाला तिथे नव्यानं टीबी होण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी घटलं. संसर्ग पसरवणाऱ्या टीबीचं ४८ टक्क्यांनी. आणि ज्या रुग्णांचं वजन पहिल्या दोन महिन्यांत पाच टक्के वाढलं, त्यांचा मृत्यूचा धोका ६१ टक्क्यांनी कमी दिसला. सातव्या पलंगाच्या हिशेबात पाच टक्के म्हणजे दोन किलोसुद्धा नाहीत.

पण 'घरची माणसं' हा शब्द भिवंडीत अडतो. या कारागिराचं घर आझमगढ-गोरखपूरच्या बाजूला कुठे तरी आहे. त्याच्याबरोबर जी हवा वाटून घेतली ती या दोन खोलीवाल्यांनी आणि आणखी नऊ जणांनी. एकाच चटईवर दिवसा एक, रात्री दुसरा. रेशनकार्डावर ते एकमेकांचे कुणी नाहीत. योजना आखताना कुटुंब डोळ्यांपुढे असतं, खोली नसते. मॅडम दोघांना छातीचा फोटो आणि थुंकी तपासायला खाली पाठवतात. "अभी?" एक जण विचारतो, "नींद भी नहीं हुई है." तरी जातात.

बाराव्या पलंगावरचे आजोबा पक्षाघाताचे. गिळता येत नाही, नाकातून नळी. रुग्णालयांत तिला रायल्स ट्यूब म्हणतात, लंडनच्या डॉ. जॉन रायल यांनी १९२१ मध्ये ती वर्णन केली, आणि शंभर वर्षांनंतरही ती तशीच चाललीय. नळी बाहेर पडली म्हणून नवी घालायची आहे. नाकाच्या शेंड्यापासून कानाच्या पाळीपर्यंत, तिथून छातीच्या हाडाच्या टोकापर्यंत नळी धरून माप घ्यायचं, खूण करायची. हे दोन मुलग्यांपैकी एक जण व्यवस्थित करतो. स्टाफ सिस्टर नळी घालतात, जागेवर असल्याची खात्री करतात. पलंगाचं डोकं तीस ते पंचेचाळीस अंश वर. फीडनंतरही तासभर तसंच. हे सगळं मुलांना येतं.

येत नाही ते थर्मासमध्ये आहे. सुनेनं घरून डाळीचं पाणी आणलंय. पिवळं, पातळ, स्वच्छ. "मिक्सरला फिरवून दोनदा गाळलंय," ती सांगते. नळी तुंबू नये म्हणून कुणी तरी तिला तसं सांगितलंय, आणि तिनं कष्टानं ते पाळलंय. मॅडम विचारतात, गाळणीत राहिलेल्याचं काय केलं? सून ओशाळून म्हणते, "टाकलं. नाहीतर गाईला."

आठवडाभर आजोबांची डाळ गाईला जातेय.

कुणी रागावत नाही. चष्मेवाली कागदावर लिहून देते: डाळ-तांदूळ गाळ शिजवायचे, मिक्सरला अगदी बारीक, एकदाच गाळायचं, त्यात चमचाभर तेल, दोन चमचे दूधपावडर. अडीचशे मिली, दिवसातून सहा वेळा. प्रत्येक फीडनंतर तीसेक मिली साधं पाणी नळीतून सोडायचं म्हणजे तुंबत नाही. उरलेलं संध्याकाळपर्यंत ठेवायचं नाही. मे महिन्याच्या भिवंडीत ते चार तासांत आंबतं. सून तो कागद ब्लाउजमध्ये ठेवते. नर्सिंगच्या भाषेत याला हेल्थ एज्युकेशन म्हणतात आणि जर्नलमध्ये त्याला पाच मार्क असतात.

बायकांच्या बाजूला कोनगावच्या आगरी आजी आहेत, किडनीचा त्रास, पाय सुजलेले. त्यांच्या उशाखाली छापील आहारपत्रक आहे. झेरॉक्सची झेरॉक्स, इंग्रजीत. त्यात ओट्स आहेत, ब्रोकोली आहे, ऑलिव्ह तेल आहे. या कागदाला ठाणे जिल्हा माहीत नाही. आजींना मीठ बंद केलंय आणि त्या म्हणतात ते तंतोतंत खरं आहे: "वरनं मीठ घेतच नाय मी." जव्हारची मुलगी पुस्तकातली युक्ती वापरते: काल सकाळपासून काय काय खाल्लं ते क्रमानं विचारते. तांदळाची भाकरी, जवळ्याची चटणी. दुपारी भात आणि सुके बोंबील. रात्री भाकरी आणि परत चटणी. मीठ वरून घ्यायची गरजच काय? ते समुद्रकाठानंच मासळीत भरून पाठवलंय. "सुकटीबिगर घास उतरत नाय गो बाय," आजी म्हणतात, आणि यावर कुणाकडेच पटकन उत्तर नाही. लिंबू, आलं-लसूण, थोडी ताजी मासळी, असं काही तरी ठरतं. आजी मान हलवतात. पटलंय असं वाटत नाही.

साडेबाराला जेवणाची ट्रॉली येते. या वेळी वेळेवर. चपाती, वरण, भात, दुधीची भाजी, ज्याला लिहिलंय त्याला अंडं. मामा ताटं वाढत पुढे जातात, वीस मिनिटांत अख्खा वॉर्ड. वहीत सगळ्यांपुढे खूण होते: दिलं. रुग्णालयाच्या दृष्टीनं जेवण इथे संपतं.

मॅडमच्या दृष्टीनं सुरू होतं. त्या मुलींना ताटं परत येण्याच्या जागी, हातगाडीजवळ उभं करतात. प्रत्येक ताटासाठी कागदावर एक गोल काढायचा आणि उरलेला भाग पेन्सिलीनं काळा करायचा: पाव, अर्धा, पाऊण, सगळा. तराजू नको, ॲप नको. चारच्या ताटात दोन्ही चपात्या जशाच्या तशा. तिथल्या आजोबांना दात नाहीत, चपाती तुकडे करून वरणात भिजवायला कुणी नाही. नऊचं अख्खं ताट परत, कारण पेशंट सोनोग्राफीला गेला होता आणि ताट टेबलावर गार होत पडलं. पंधराचं रिकामं, पण जेवला तो नातेवाईक. सहावर दुधी सोडून सगळं साफ. दुधीबद्दल मी काही बोलत नाही. बादली जड होत जाते. मुली आधी नाक मुरडतात, मग पेन्सिली भराभर चालायला लागतात.

फ्लॉरेन्स नायटिंगेलनं १८५९ मध्ये 'नोट्स ऑन नर्सिंग' लिहिलं त्यात जेवणावर दोन प्रकरणं आहेत: एक काय द्यावं यावर, एक कसं आणि केव्हा द्यावं यावर. हवेनंतर नर्सचं मोठं काम म्हणजे पेशंटनं खाल्लेल्याकडे लक्ष ठेवणं, असं तिचं म्हणणं. भरल्या भांडारात उपाशी मरणारे पेशंट तिनं पाहिले होते, आणि दोष बऱ्याचदा स्वयंपाकघराचा नव्हे तर कुणाचं लक्ष नसण्याचा होता. अशक्त माणसाला सकाळी घट्ट काही जात नाही, त्याला थोड्या थोड्या वेळानं चमचाभर द्यावं, हेही तिनं लिहून ठेवलंय. त्यानंतर दीडशेच्या वर वर्षं गेली. आपल्याकडे प्रत्येक गोळीची सही होते, लघवी मिलीमध्ये मोजली जाते, आणि चपातीची फक्त खूण.

सात नंबरची वाटी परत येते. खिचडी अर्धी. अंडं संपलंय. दूध तसंच. परभणीची मुलगी नुसता गोल काळा करून थांबत नाही, जाऊन विचारते. दुधाला वास येतो, तो म्हणतो, आणि सकाळी गोळ्यांनंतर मळमळतं. ती दुधाऐवजी उद्या ताक-दही चालेल का ते विचारून घेते, मळमळीचं डॉक्टरांच्या कानावर घालते. तिच्या गोलाशेजारी आता दोन ओळी लिहिलेल्या आहेत.

दोन वाजता ओव्हर. नव्या पाळीच्या सिस्टर, हातात चहाचा ग्लास, ऐकतायत. एरवी या यादीत बीपी, सलाईन, इंजेक्शनं असतात. आज मुली वाचतात: "बेड सात, सकाळपासून एकशे ऐंशी कॅलरीच्या आसपास, बी-१ दिलं, फॉस्फरसचा रिपोर्ट यायचाय, पुढचा भाग चार वाजता. बेड बारा, दोन फीड झाले, उलटी नाही. बायकांकडे बेड तीन, संध्याकाळचं इन्शुलिन ट्रॉली दिसल्यावर." सिस्टर मान वर करून बघतात. पन्नास पेशंटांना त्या दोघी आहेत. विद्यार्थिनी गेल्यावर गोल कोण काळे करणार, हा प्रश्न त्यांच्या चेहऱ्यावर आहे आणि तो रास्त आहे. माझ्या मते उत्तर मावशी-मामांमध्ये आहे. ताट उचलणारा हात त्यांचाच असतो. त्यांना पेन्सिल द्यायला आणि चार ओळी शिकवायला फार खर्च नाही. मॅडमनाही हे पटतं, पण तसा ठराव त्यांच्या हातात नाही.

खाली टीबीच्या खिडकीवर निक्षय या सरकारी टीबी-पोर्टलवर कारागिराची नोंद चाललीय. एप्रिल २०१८ पासून केंद्र सरकार टीबीच्या रुग्णाला पोषणासाठी महिन्याला पाचशे रुपये देत होतं. १ नोव्हेंबर २०२४ पासून ते हजार झालेत. दिवसाला तेहतीस रुपये. अंडी, शेंगदाणे आणि सत्तू यांत ते बसवता येतात, ऐष होत नाही. पण पैसे थेट खात्यात जातात आणि त्याच्या खात्याचं पासबुक गावी, बायकोकडे. खोलीवाला फोन लावतो, पलीकडून एकेक आकडा सांगितला जातो, परभणीची मुलगी हातावर पेनानं लिहून घेते.

भिवंडीतल्या मागवाल्यांना, सायझिंगवाल्यांना, माणकोली-काल्हेरच्या गोदामवाल्यांना एवढं सांगायचं आहे: तुमच्याकडचा माणूस दोन आठवडे खोकत असेल, त्याची पँट पट्ट्यातून सरकायला लागली असेल, तर त्याला ॲडव्हान्स देऊन गावी पाठवू नका. थुंकीची तपासणी आणि औषधं सरकारी दवाखान्यात फुकट आहेत, चौकशीला १८००-११-६६६६ हा निक्षयचा टोल-फ्री नंबर आहे. कारखान्यात सूत तोलायला काटा असतोच; महिन्यातून एकदा माणसंही तोला, आणि आकडे लिहून ठेवा.